बोटांवरची उत्तरं

८ जानेवारी

लिही, सूनबाई. वर तारीख घाल आणि खाली माझं म्हणणं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की मुलगी कधी थांबते, काय करताना थांबते आणि नंतर कशी असते, ते रोज लिहून ठेवा. शाळा सोडली तर मुलगी दिवसभर माझ्याजवळ असते. तू आणि तुझा नवरा खाली कारखान्यात. तेव्हा बघायचं मी आणि लिहायचं तू. मला अक्षर येत नाही, हे काही गुपित नाही. जन्मभर लोकांची पुस्तकं शिवली. आत काय लिहिलंय ते विचारायला सवड झाली नाही.

डॉक्टरीणबाईंना हवं तेवढं तू वेगळं काढून त्यांना दाखव. बाकीचं माझं. मी एकदा बोलायला लागले की मुलीच्या थांबण्यावर थांबणार नाही, हे तुला लग्न होऊन आलीस तेव्हापासून माहीत आहे. मान हलवू नकोस. लिही.

तर खाली आमचा बाइंडिंगचा कारखाना आणि वर आम्ही चौघं. छापखान्यातून छापलेल्या कागदांचे गठ्ठे येतात. आम्ही त्यांच्या घड्या घालतो, शिवतो, कडा कापतो, पुठ्ठा चढवतो. घराला खळीचा वास येतो. आम्हाला येत नाही, पाहुण्यांना येतो.

मुलगी म्हणजे माझी नात. नऊ वर्षांची, चौथीत. तिला मी टकळी म्हणते, कारण बोलायला लागली ती थांबलीच नाही. दूध पिताना पेल्यात बोलायची. माझ्यावर गेली, असं माझा मुलगा म्हणतो, आणि ते तो कौतुकानं म्हणत नाही.

हीच टकळी गेलं वर्षभर मध्येच थांबायला लागली. बोलता बोलता नजर वर जाते, पापण्या फडफडतात, हातातला चमचा हातात राहतो. आपण हाक मारेपर्यंत ती परत आलेली असते, आणि काही झालंच नाही अशी पुढे बोलायला लागते. आम्ही म्हटलं, तंद्री. शाळेत म्हणाले, आळस. वर्गाच्या बाईंनी तिला खिडकीजवळून उठवून भिंतीजवळ बसवलं. भिंतीकडे बघूनही तंद्री लागायची तेव्हा बाईंना वाटलं, फारच हट्टी मुलगी.

आज डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्याला तारा लावल्या आणि हातात कागदाची पट्टी देऊन म्हणाल्या, "फुंकत राहा, थांबायचं नाही." टकळी जोरात फुंकत होती. मग फुंकर थांबली, पट्टी खाली लोंबली, पापण्या फडफडल्या. तिकडे यंत्रावरच्या रेघा वेड्यासारख्या वरखाली झाल्या.

"अपस्मार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सूनबाई बसमध्ये रडली. मी नाही रडले. मला तो शब्दच कळला नव्हता. फिट म्हणजे माणूस खाली पडतो, हातपाय झाडतो, एवढंच मला ठाऊक. घरी आल्यावर मुलानं सांगितलं की हाही त्यातलाच प्रकार, फक्त गुपचूप येणारा. मग मी मोरीत जाऊन रडले. हेही लिही. पण खरं सांगू का, आळशी या नावापेक्षा हे नाव मला बरं वाटलं. याला निदान औषध आहे.

११ जानेवारी

औषध सुरू. कडू नाही म्हणते. मी चाखून बघणार होते, सूनबाईनं बाटली वर ठेवली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते आज नीट आठवून सांगते. हे थांबणं असतं एवढंसं, पण दिवसातून पुष्कळ वेळा. म्हणजे बाई फळ्यावर शिकवतात त्यातला तुकडा तुकडा हिच्यापर्यंत पोचतच नाही. आम्ही बाइंडिंगवाले, मी लगेच म्हटलं, "म्हणजे मधली पानं न लावता शिवलेलं पुस्तक." त्या म्हणाल्या, "हो आजी, आणि मुलीला ठाऊकच नाही की मधली पानं गेलीत. तिला वाटतं, पुस्तक असंच असतं."

आणखी एक सांगितलं. ती थांबलेली नसते तेव्हासुद्धा डोक्यात बारीक बारीक ठिणग्या उडत असतात, त्यामुळे काल आलेलं आज येत नाही. वर औषधानंही सुरुवातीला जरा मंद वाटेल, शब्द लवकर सापडणार नाहीत.

मी विचारलं, "थांबणं बंद होणार आणि मुलगी मंद होणार, मग फायदा कोणाचा?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला लिहून ठेवायला सांगितलं. तुम्ही सांगा, मी औषध कमीजास्त करीन."

अशी डॉक्टरीण मिळाली. देवा, तुझ्याकडे माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, त्यातली एक खोड.

१५ जानेवारी

दात घासताना थांबली. फेस हनुवटीवरून गळ्यात. बाकी काही नाही.

२२ जानेवारी

शाळेतून बोलावणं आलं होतं. सूनबाई गेली, मी बरोबर गेले. हिला एकटीला सोडलं की ही सगळ्यांना हो म्हणून येते. लिही, लिही, खरं तेच सांगते आहे.

वर्गाच्या बाई वाईट नाहीत. डोळ्यांखाली काळं आलेलं, वर्गात मुलं भरमसाट. दुखणं समजल्यावर त्यांनी टकळीला भिंतीजवळून उठवून पुढच्या बाकावर आणलं. पण म्हणाल्या, "पाढा काल म्हणते, आज कोरी. मला वाटायचं मुद्दाम करते. आता दुखणं कळलं, पण मागे पडलेली आहे ती आहेच. मोठ्या बाई म्हणतात, आणखी एक वर्ष चौथीत राहू दे."

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. त्यांनी सांगितलं, मुलांची बुद्धी तपासणारे एक आहेत, त्यांच्याकडून तपासून आणा, मग ठरवू. वर्ष संपायच्या आत अहवाल द्या.

आम्ही हे टकळीपासून लपवलं. तिनं ते जिन्यात बसून ऐकलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, माझी बाकावरची मैत्रीण पाचवीत जाणार. आणि मी... मी त्या... बारक्यांबरोबर..."

"बसणार नाहीस," मी म्हटलं. "मी आहे ना."

२९ जानेवारी

थांबणं कमी झालंय. डॉक्टरीणबाईंना हे आधी दाखव.

पण शब्द अडतात. वाक्य सुरू करते आणि मध्ये हात हवेत फिरवते, जसा काही शब्द माशीसारखा उडतोय. आम्ही काही तिला अडकू देत नाही. मी शब्द देते, सूनबाई देते, मुलगा तर तिनं तोंड उघडायच्या आधीच देतो. काल ती म्हणाली, "बाबा, मला ते... ते..." मुलगा म्हणाला, "पेन्सिल?" सूनबाई म्हणाली, "खोडरबर?" मी म्हटलं, "भूक लागली असेल." तिनं मान हलवली. दूध आणि वर साय घालून दिली, प्यायली मुकाट्यानं.

आमच्या घरात कुणी उपाशी राहत नाही, शब्दालासुद्धा नाही. आणि बघ, दर वेळी ती मान हलवते, म्हणजे आमचं बरोबरच असतं.

६ फेब्रुवारी

आज तपासणी. हे सविस्तर लिही, कारण आज मी मोठं काम केलंय.

तपासणारा तरुण पोरगा आहे. चष्मा, दाढी, आणि टेबलावर ठोकळे, चित्रं, कोडी. मी त्याचं नाव कोडीवाला ठेवलं. टकळी मला सोडेना, तेव्हा म्हणाला, "आजी, तुम्ही मागे खुर्चीवर बसा, पण बोलायचं नाही हं."

"मी? मी फार कमी बोलते," मी म्हटलं. टकळी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

माझी खुर्ची त्याच्या पाठीमागे. म्हणजे त्याला मी दिसत नाही आणि टकळीला मी समोर.

ठोकळे तिनं छान लावले. चित्रातलं काय चुकलंय ते सांगितलं. गोष्ट ऐकून तिचा अर्थ सांगितला. मग तो आकडे म्हणायला लागला. पाच, आठ, दोन; हे तसेच म्हण. मग आणखी लांब. मग म्हणाला, आता उलटे म्हण. तिथे पोर अडली. डोळे माझ्याकडे.

आता मला सांग, मी काय करायचं? आमच्या कारखान्यात कापणीचं यंत्र सुरू झालं की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे बोटं बोलतात. आकडे, 'थांब', 'उलटं लागलं', 'पुढचा गठ्ठा आण', सगळं बोटांवर. टकळीला ही भाषा तोंडाच्या भाषेआधी आली. आणि माझं असं आहे की मी कधी काही लिहून ठेवलं नाही, म्हणून एकदा ऐकलेला आकडा माझ्या डोक्यातून हलत नाही. त्यानं कितीही लांब म्हटले तरी मी मांडीवर बोटं ठेवून उलटे दाखवले. टकळी धडाधड बोलली. कोडीवाला मान वर न करता लिहीत होता. एकदा म्हणाला, "अरे वा!"

सूनबाईनं पेन थांबवलंय. म्हणते, "आई, हे बरोबर नाही केलंत."

मी म्हटलं, पोर पाचवीत जायला हवी की नको?

मग म्हणाली, "त्यानं सगळी बरोबर धरली का?"

सगळी. लिही.

१७ फेब्रुवारी

आज लिहायला मुलगा बसलाय. सूनबाई माझ्याशी बोलत नाही. हा लिहितो म्हणजे पुठ्ठ्याला खळ लावल्यासारखं घसाघस. दोन वाक्यांचं एक करू नकोस रे, मला कळतं.

अहवाल आला. त्यात असं आहे की मुलीची समज चांगली, आणि लक्षात ठेवण्याची ताकद तर वयाच्या मानानं उत्तम. मी टाळी वाजवली. मुलगा अहवाल घेऊन शाळेत गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "स्मरण उत्तम आहे तर मग पाढे का राहत नाहीत? म्हणजे दुखण्याचा संबंध नाही. मुलगी मेहनत घेत नाही. जास्त वेळ, वेगळी मदत वगैरे द्यायचं कारण दिसत नाही. वर्ष पुन्हा करू दे, शिस्त लागेल."

म्हणजे मी बोटांनी पोरीला पाचवीत ढकलायला गेले आणि चौथीत खिळे ठोकून बसवलं.

हे काय, तू का थांबलास? 'खिळे ठोकून' हेही लिही.

संध्याकाळी टकळी घड्या घालायच्या टेबलाखाली जाऊन बसली होती. मी वाकून म्हटलं, "बाहेर ये." माझी कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, म्हणून मीच तिथे जमिनीवर बसले.

ती म्हणाली, "आजी, म्हणजे मी आता खरंच आळशी?"

मी म्हटलं, "छे गं. ते आकडे मी दिले होते."

"ते मला माहितेय," ती म्हणाली. मग हात हवेत फिरला. मी 'म्हणून काय झालं' हे तिच्या तोंडात घालणार होते. पण कंबरेत अशी कळ आली की माझा श्वासच अडकला, आणि तेवढ्यात तिला तिचा शब्द सापडला. म्हणाली, "तू दाखवलेस ना, म्हणून मला येत होते की नाही ते... मला कळलंच नाही. आणि मी सांगितलं असतं तर तुला ओरडले असते."

नऊ वर्षांची पोर मला सांभाळत होती. बस कर आज. कंबर दुखते.

१९ फेब्रुवारी

मी सूनबाईला म्हटलं, मला कोडीवाल्याकडे घेऊन चल. तिनं चपला घातल्या. न बोलता, पण घातल्या. बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. ही बाई रागावली तरी जागा देते. हे तिला स्वतःला लिहायला लावते आहे, त्याची मजा येते आहे मला.

कोडीवाल्याला मी सगळं सांगितलं. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता पोलीसच बोलावतो. पण तो म्हणाला, "तुम्हाला माझ्या पाठीमागे बसवलं ही चूक माझी. पण आजी, तुम्ही काय झाकलंत ते कळतंय का? जिथे तिला मदत हवी होती, नेमकी तीच जागा."

मग विचारलं, "घरी ती बोलताना अडली की तुम्ही काय करता?"

"शब्द देतो की."

"थांबत नाही?"

"थांबायचं कशाला? आम्ही तिघं घरात आहोत, शब्दांची काय कमी?"

तो सूनबाईकडे बघायला लागला. सूनबाई जमिनीकडे. मग त्यानं मला समजावलं ते असं. तिच्या डोक्यात शब्द असतो, फक्त वाटेत असतो. आपण दुसरा शब्द हातात दिला की ती वाटेतूनच परत फिरते. असं वर्षभर झालं की ती वाट बघायचीच सोडून देते. तिला वाटतं, उत्तरं नेहमी बाहेरूनच येतात.

तो दुसरी कोडी घेऊन पुन्हा तपासणार आहे. लगेच नाही, थोड्या आठवड्यांनी. शाळेला तो स्वतः चिठ्ठी देतो म्हणाला की पहिला अहवाल धरू नका. कारण काय लिहिणार, मी विचारलं. म्हणाला, "खोलीत बसण्याची व्यवस्था चुकली होती, असं." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चष्मा वाकडा झाला त्याचा.

२१ फेब्रुवारी

आज जेवताना सगळ्यांनी ठरवलं, कुणी शब्द द्यायचा नाही.

टकळी म्हणाली, "मला... साय..."

मुलगा मिशी चावायला लागला. सूनबाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा झाला तरी काढेना. माझी जीभ तर दातांवर धडका मारत होती. सगळे नुसते पोरीकडे बघत होतो.

ती घाबरली. "काय झालं? मी परत थांबले होते का?"

"नाही नाही!" तिघंही एकदम ओरडलो. "बोल तू!"

तिनं आमच्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "मला साय... आवडत नाही."

आम्ही तिला रोज साय घालत होतो. 'मला साय' म्हटलं की मी म्हणायची, 'हवी!' आणि ती मान हलवायची. पोरीनं महिनाभर गिळली, आमचं मन मोडायला नको म्हणून.

मुलगा हसायला लागला, मग सूनबाई, मग टकळी. मी नाही हसले. मी उठून पेल्यातली साय खाल्ली. वाया कशाला घालवायची.

३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सकाळचं औषध कमी केलं. या नोंदी वाचून, असं म्हणाल्या. म्हणजे माझ्या बोलण्यामुळे. घरात कुणाला किंमत आहे का?

वर्गात थांबणं फारच कमी झालंय. त्या म्हणाल्या, मोठी झाली की हे पुष्कळदा आपोआप सुटतं, पण सुटेलच असं लिहून देता येत नाही. मी म्हटलं, मला लिहून दिलेलं वाचता येत नाही, नुसतं सांगा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, "आता शिकायला ती मोकळी आहे. वेळ लागेल."

वेळ माझ्याकडे आहे. माझ्याकडे तेवढाच आहे.

१२ मार्च

पुन्हा तपासणी. मी बाहेर बाकावर. आत टकळी एकटी.

दार बंद होताना तिनं माझ्याकडे बघितलं. मी हात पदरात गुंडाळून ठेवले होते.

आतून कोडीवाल्याचा आवाज यायचा आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' इतकं लांब होतं की मी दोनदा उठले, दोनदा बसले. बाकावर एक बाई तिच्या मुलाला घेऊन बसली होती. मुलाला नाव विचारलं तर ती बाईच सांगायला लागली. मी म्हटलं, "थांबा हो, सांगेल तो." बाईनं असं बघितलं माझ्याकडे! बरोबर आहे, महिन्याभरापूर्वी मीही बघितलं असतं.

टकळी बाहेर आली ती घामेजलेली. "उलटे आकडे नाही आले," म्हणाली. "पण मी सगळे... स्वतः चुकले."

२० मार्च

नवा अहवाल. सूनबाईनं वाचून दाखवला. समज चांगली, ऐकून आणि हातानं करून चटकन कळतं. पण डोक्यात आकडे धरून ठेवायला जड जातं, लिहायला वेळ लागतो, शब्द उशिरा येतात, आणि हे दुखण्यामुळे आणि औषधामुळे आहे. खाली काय करायचं तेही लिहिलंय. सूचना एका वेळी एकच द्या. परीक्षेला जास्त वेळ. फळ्यावरचं छापून हातात द्या. उत्तर तोंडी घ्या, आणि विचारल्यावर थांबा.

आमच्या घरात आजवर कुणाला कमी मार्क पडले म्हणून कुणी हात जोडले नव्हते. मी जोडले. सूनबाई बोलायला लागली माझ्याशी. आधी रडली, मग बोलली. म्हणाली, "आई, तुम्ही गेला नसतात कोडीवाल्याकडे तर मीही गेले नसते. मलाही ते उत्तम स्मरण खरं हवं होतं."

हे ती लिहायला तयार नव्हती. मी लिहायला लावलंय.

२७ मार्च

शाळेत आज शेवटचं बोलणं. मोठ्या बाईंची खोली, भिंतीला कपाट, कपाटात ढाली आणि पेले. आम्ही तिघं एका रांगेत, मध्ये टकळी. वर्गाच्या बाई दाराशी उभ्या.

मोठ्या बाईंनी दोन्ही अहवाल समोर ठेवले. म्हणाल्या, "चिठ्ठीत नुसतं लिहिलंय की बसण्याची व्यवस्था चुकली. एक म्हणतो उत्तम, एक म्हणतो कमी. कोणता धरू?"

सूनबाईनं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला. मग मीच सांगितलं, पहिल्यातले आकडे मी बोटांनी दिले होते. मोठ्या बाईंचा चष्मा नाकावरून खाली आला. वर्गाच्या बाईंनी खोकला आल्यासारखं केलं, पण ते हसू होतं.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग तुमचं नको, मुलीचंच ऐकते. सांग, पाचवीत गेलीस आणि समजलं नाही तर काय करशील?"

टकळी उभी राहिली. "मी..." आणि थांबली.

पापण्या फडफडत नव्हत्या. ती इथेच होती, नुसती शोधत होती. माझा मुलगा खुर्चीत पुढे सरकला. मला उत्तर ठाऊक होतं. चांगली चार-पाच उत्तरं ठाऊक होती, एकाहून एक सरस. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले. खुर्ची लाकडी होती, बोटांना खूप टोचली.

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "येतंय का?" त्या म्हणाल्या.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, थांबा जरा. तिला लागतो वेळ."

त्या बाईंचे उपकार मी फेडू शकणार नाही. वर्षभर त्यांनी माझ्या नातीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि त्यांचेही उपकार.

टकळी म्हणाली, "मी विचारीन. पहिल्यांदा नाही कळलं तर... परत विचारीन. आणि मी विसरले की तुम्ही म्हणता, कालच तर सांगितलं. ते... ते म्हणायचं नाही. कारण काल मला येत होतं. खरंच येत होतं."

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला.

पाचवीत घेतलं. वर्ष सरताना पुन्हा बघू, असं म्हणाल्या. कागदावर अहवालातल्या सगळ्या सूचना लिहून सही केली. बाहेर आल्यावर मला हात उघडता येईनात, बोटांना मुंग्या आल्या होत्या. सूनबाईनं भर रस्त्यात माझी बोटं चोळून दिली.

१८ जून

पाचवी सुरू झाली. आज टकळी दप्तर आपटत आली. मी म्हटलं, झालं काय? मग गप्प बसले. आता येतं मला ते, थोडं थोडं.

बाहेर दुधवाला येऊन गेला, समोरच्या घरातले कपडे वाळत घालून झाले, तेव्हा ती म्हणाली, "नव्या बाईंनी सगळ्यांना दहा गणितं दिली आणि मला पाच. म्हणाल्या, तुला... तुला तेवढी पुरेत."

"बरं केलं की," मी म्हटलं.

"नाही!" केवढ्यानं ओरडली. खाली यंत्र थांबवून मुलगा वर आला. "मला पण दहा पाहिजेत!"

शेजारच्या मुलीकडून बाकीची पाच उतरवून आणली आणि बसली. संपूर्ण दुपार गेली. एकदा रडली. एकदा पेन्सिल फेकली, ती माझ्या चहात पडली. मी समोर बसून जुन्या पुस्तकाची शिवण उसवत होते आणि तोंडात सुपारीच्या खांडासारखी जीभ धरून होते. तिनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. खरं तर मला गणितातलं सांगण्यासारखं काही येतही नाही, पण पूर्वी त्यानं माझं काही अडलं नव्हतं.

संध्याकाळी सूनबाईनं तपासली. दहातली निम्मी चुकली.

टकळीनं वही फाडकन मिटली आणि पाय आपटत खेळायला निघून गेली. आम्ही दोघी त्या चुकांकडे बघत बसलो. सूनबाई बोट ठेवून दाखवत होती, ही इथे चुकली, ही इथे. मला आकडे ओळखू येतात, अक्षरं नाहीत. मी एकेक चूक नीट बघून घेतली. सगळ्या तिच्या स्वतःच्या होत्या. त्यातली एकही माझी नव्हती.